पालीशी मैत्री

पाल हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. भिंतीवरची पाल चुकचुकली की घरातील वडीलधारी माणसे बोलता बोलता थबकतात. ती अंगावर पडली, तर कोणत्या अवयवावर पडली हे ध्यानात ठेवून पंचांगात त्याचे फळ पाहतात. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळाच्या मंदिरात छताला सोन्यारुप्याने मढवलेल्या पाली आहेत. त्यांना हात लावला म्हणजे पाल अंगावर पडल्याचा दोष जातो, अशी यात्रेकरूंची श्रद्धा आहे. भाषेनेही या कुळाला फारसा मान दिलेला नाही. घडोघडी मत बदलणाऱ्या माणसाला आपण सरड्याची उपमा देतो. ज्याची झेप तोकडी, त्याच्याविषयी 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असे म्हणून मोकळे होतो. आणि मनात नुसती शंका आली तरी 'मनात पाल चुकचुकली' असे म्हणतो.

ज्या जीवाला पाहून मनुष्य दोन पावले मागे सरतो, तोच जीव पृथ्वीच्या दुसऱ्या भागात मुलांच्या तळहातावर निश्चिंतपणे बसलेला आढळतो, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आणि युरोपातील इतर देशांत कुत्रा-मांजर पाळावे तशा लहान पाली पाळणारी हजारो कुटुंबे आहेत. त्यांतील सर्वांत आवडती पाल मात्र मूळची आपल्याच शेजारची आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग येथील खडकाळ, कोरड्या माळांवर ती राहते. अंगावरील काळ्या ठिपक्यांमुळे इंग्रजीत तिला 'लेपर्ड गेको' म्हणतात. आपण तिला बिबट्या पाल म्हणू. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या शास्त्रीय नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ 'सुंदर पापण्यांची' असा आहे आणि दुसऱ्याचा 'ठिपक्यांची'.

हे नाव उगीच पडलेले नाही. आपल्या घरातील पालीला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. तिच्या डोळ्यांवर एक पारदर्शक पडदा असतो व तो ती जिभेने पुसून स्वच्छ ठेवते. बिबट्या पालीला मात्र खऱ्या पापण्या असतात. ती डोळे मिटून झोपते, उठल्यावर डोळे किलकिले करते, आणि त्यामुळे तिच्या मुद्रेवर एक प्रकारचा शांत, समजूतदार भाव असल्यासारखा वाटतो. दुसरा भेद पायांत आहे. घरातील पालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या गाद्या असतात; त्यांच्या बळावर ती गुळगुळीत भिंतीवर आणि छतावरही धावते. बिबट्या पालीच्या बोटांना अशा गाद्या नाहीत, नुसत्या लहान नख्या आहेत. म्हणून तिला काचेवर चढता येत नाही. ती जमिनीवरूनच सावकाश चालते. पूर्ण वाढलेली पाल नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर लांब असते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम ३ ग्रॅम वजनाचे असते. त्याच्या पिवळ्या अंगावर काळसर रुंद पट्टे असतात. वय वाढते तसे ते पट्टे तुटत जातात आणि त्यांचे ठिपके होतात.

अशी पाल घरी आणायची झाल्यास प्रथम तिचे घर तयार करावे लागते. पाल ही शीतरक्ताची, म्हणजे आपल्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करू न शकणारी आहे. पोटातील अन्न पचवण्यासाठीसुद्धा तिला बाहेरची उष्णता लागते. यास्तव तिच्या काचेच्या पेटीची एक बाजू ३० ते ३२ अंश सेल्सियसपर्यंत ऊबदार आणि दुसरी २५ अंशांच्या आसपास, म्हणजे त्या मानाने थंड ठेवतात. दोन्ही बाजूंना दगड, खापर किंवा लाकडाचा आडोसा करतात. पाल आपल्या गरजेप्रमाणे कधी इकडे तर कधी तिकडे जाऊन बसते. एक कोपरा ओलसर ठेवावा लागतो. कारण कात टाकताना कोरड्या हवेत ती बोटांना चिकटून राहते, आणि तशीच आवळत गेली तर बोट गळून पडण्याची वेळ येते. पाण्याचे उथळ भांडे, रातकिडे आणि पिठातल्या अळ्यांसारखे जिवंत खाद्य, त्यावर भुरभुरलेली कॅल्शियमची भुकटी, एवढी तिची गरज असते. ही भुकटी दिली नाही तर हाडे मऊ पडून पाय वाकतात. किडा तिच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा, असा पाळणाऱ्यांचा साधा नियम आहे. शेतातून किंवा बागेतून पकडलेले किडे देणे धोक्याचे असते, कारण त्यांच्या अंगी कीटकनाशकाचा अंश असू शकतो.

घर सिद्ध झाले, पाल त्यात आली, आणि आता खरी परीक्षा सुरू होते. ही परीक्षा पालीची नसून तिला पाळणाऱ्याची असते. नव्या प्राण्याला हातात घेण्याची मुलांना मोठी उत्सुकता असते. परंतु पालीच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? तिची ओळखीची जागा गेली, वास बदलला, प्रकाश बदलला, आणि तिच्याहून शेकडो पटींनी मोठा असा एक प्राणी वरून वाकून तिच्याकडे पाहत आहे. रानात वरून येणारी सावली म्हणजे घार किंवा घुबड. अशा वेळी पळणे, लपणे किंवा चावा घेणे एवढेच तिला ठाऊक असते. म्हणून जाणती माणसे पहिला एक आठवडा, क्वचित दोन आठवडे, तिला हात लावत नाहीत. वेळेवर खाणे-पाणी द्यावयाचे, घाण काढावयाची, हळू बोलावयाचे आणि दूर व्हावयाचे. ती नियमाने खाऊ लागली आणि आडोशातून डोके काढून बाहेर पाहू लागली, म्हणजे नव्या घराला ती सरावली असे समजावे.

यानंतरची पायरी अगदी साधी, पण फार अवघड आहे. ती म्हणजे काहीही न करणे. संध्याकाळी, पालीच्या जागे होण्याच्या वेळी, मुलाने स्वच्छ धुतलेला हात पेटीत जमिनीवर उताणा ठेवावा आणि तो निश्चल राहू द्यावा. पालीच्या मागे हात न्यावयाचा नाही, बोटे हलवावयाची नाहीत, तिला हाका मारावयाच्या नाहीत. पहिल्या दिवशी ती कदाचित आडोशातून बाहेरच येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुरून पाहील. चौथ्या-पाचव्या दिवशी ती पाऊल पाऊल पुढे येईल आणि जिभेच्या टोकाने बोटाला स्पर्श करील. याला चाटणे म्हणतात खरे, परंतु हे लाड नव्हेत, ही चौकशी आहे. पालीच्या टाळूत गंध ओळखणारे एक इंद्रिय असते. जीभ बाहेर काढून ती गंधाचे कण गोळा करते आणि त्या इंद्रियापर्यंत पोहोचवते. आपण डोळ्यांनी माणूस ओळखतो, ती बहुतांशी अशा रीतीने ओळखते. हाताला खाद्याचा वास येत असेल तर ती बोटालाच अळी समजण्याचा संभव असतो. म्हणून हात आधी धुतलेला असणे अगत्याचे असते. याच कारणाने आरंभी खाऊ बोटांनी न देता बोथट चिमट्याने देतात. 'हात आला की खायला मिळते' हे तिला कळावे, पण 'हात म्हणजेच खाणे' असे मात्र तिला वाटू नये.

असे काही दिवस गेले म्हणजे एके संध्याकाळी पाल आपण होऊन तळहातावर पाय ठेवते. त्या क्षणी मूठ मिटण्याचा मोह होतो. परंतु तो मोह आवरला तर एका आठवड्याची पुढची मजल गाठता येते, आणि आवरला नाही तर सारे पहिल्यापासून आरंभावे लागते. तिला तळहातावर चढू द्यावे आणि मनात येईल तेव्हा उतरूही द्यावे. उतरण्याची वाट मोकळी आहे हे ज्याला कळते, तो पुन्हा येण्यास भीत नाही. पुढे तिला उचलावयाचे झाल्यास वरून कधीही पकडू नये. पोटाखाली हळूच बोटे सरकवून, चारही पायांना आधार देऊन तिला उचलावे. एका तळहाताच्या टोकाशी ती आली की दुसरा तळहात पुढे ठेवावा. अशा रीतीने दोन हातांची वाट तिच्यापुढे सतत सरकत राहिली, म्हणजे तिला पकडून धरण्याची गरजच उरत नाही. हे सर्व जमिनीवर बसून करावे. उंचावरून पडल्यास एवढ्याशा प्राण्याची हाडे मोडण्यास वेळ लागत नाही. आरंभी ५ मिनिटे पुरतात. पुढे १० ते १५ मिनिटांपर्यंत जावे. आठवड्यातून एक दिवस तासभर खेळण्यापेक्षा रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसणे केव्हाही चांगले. जेवल्यावर लगेच तिला हाताळू नये. तिला उबेत पडून अन्न पचवावयाचे असते. अंगाचा रंग फिका, पांढुरका दिसू लागला म्हणजे ती कात टाकण्याच्या बेतात आहे असे ओळखावे आणि तिला स्वस्थ राहू द्यावे. ही टाकलेली कात ती स्वतःच खाऊन टाकते.

पालीला बोलता येत नाही, पण तिचे मनोगत कळण्याजोगी एक भाषा तिच्या शेपटीत आहे. शेपटी वर उचलून ती नागमोडी आणि सावकाश हलवू लागली म्हणजे ती भ्यालेली आहे, 'दूर राहा' असे सांगत आहे. शेपटीचे नुसते टोक चटचट थरथरू लागले म्हणजे तिला भक्ष्य दिसले आहे आणि ती झेप घेण्याच्या तयारीत आहे. पिल्ले भ्याली म्हणजे पायांवर ताठ उभी राहून, तोंड उघडून, चिरका आवाज काढतात. एवढ्याशा देहातून निघणारा तो आवाज ऐकून मुलांना हसू येते. परंतु त्या पिल्लाच्या दृष्टीने तो जिवाचा आकांत असतो. या खुणा वाचावयास शिकणे हाच पाल माणसाळवण्याचा अर्धा भाग आहे. भीतीची खूण दिसताच हात एकदम झटकून मागे घेऊ नये, कारण झटक्याने ती अधिकच बिचकते. हात तसाच स्थिर ठेवावा, ती शांत झाली की सावकाश मागे घ्यावा आणि त्या दिवसापुरते थांबावे.

या खुणांकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे पालीच्या शेपटीची रचना पाहिली म्हणजे समजते. तिच्या शेपटीच्या मणक्यांत ठरावीक ठिकाणी दुबळ्या जागा असतात. शत्रूने शेपूट धरली किंवा भय अतिशय झाले, की त्या ठिकाणचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि मणका मधोमध मोडून शेपूट तुटते. रक्तवाहिन्यांची तोंडे तत्काळ आवळली जात असल्याने रक्त फार थोडे जाते. तुटलेली शेपूट काही मिनिटे वळवळत राहते. शत्रू तिच्याकडे पाहत राहतो आणि पाल निसटून जाते. रानात ही युक्ती जीव वाचवते. परंतु घरातील मुलाच्या हातात जेव्हा नुसती वळवळणारी शेपूट राहते आणि पाल आडोशात दडी मारून बसते, तेव्हा त्या मुलाला आपल्या उतावळेपणाची किंमत डोळ्यांपुढे दिसते.

ही किंमत पालीला फार महाग पडते. बिबट्या पालीची जाड शेपूट म्हणजे तिचे कोठार आहे. सुगीच्या दिवसांत कणगी भरून ठेवावी तशी ती चांगल्या दिवसांत शेपटीत चरबी साठवते आणि टंचाईच्या दिवसांत तिच्यावर गुजराण करते. शेपूट गेली की हे कोठारच गेले. काही आठवड्यांत नवी शेपूट फुटते खरी. पण तिच्यात पूर्वीसारखे मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. आकार कांद्यासारखा फुगीर, कातडी वेगळी, ठिपके वेगळे. पहिली शेपूट पुन्हा मिळत नाही. शास्त्रज्ञांना मात्र या नव्या शेपटीचे फार कुतूहल आहे, कारण तिच्याबरोबर तुटलेली मज्जारज्जूही पुन्हा वाढते. मनुष्याच्या शरीराला हे साधत नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या पालीच्या मज्जारज्जूतील ज्या पेशींमुळे ही वाढ होते त्या ओळखून काढल्या. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांसाठी त्या ज्ञानाचा कधी काळी उपयोग होईल, अशी आशा त्यामागे आहे.

पाल माणसाळली म्हणजे नेमके काय झाले, याचाही विचार केला पाहिजे. कुत्रा धन्याला पाहून शेपूट हलवतो, अंगावर उड्या मारतो. त्याच्या पूर्वजांनी हजारो वर्षे माणसाच्या सहवासात काढली आहेत. बिबट्या पालीची पैदास माणसाच्या घरात होऊ लागली ती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. तत्पूर्वी या पाली रानातून धरूनच परदेशी नेल्या जात, आणि त्यांतील पुष्कळ भयाने व आजाराने दगावत. आज पाश्चात्त्य देशांत विकल्या जाणाऱ्या बहुतेक बिबट्या पाली माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून बाहेर आलेल्या असतात आणि त्या लवकर सरावतात. मादी एका वेळी २ अंडी घालते. त्यांतून नर येणार की मादी हे अंडी किती उबेत ठेवली यावर ठरते. २६ अंशांच्या सुमारास बहुतेक माद्या होतात, ३२-३३ अंशांना बहुतेक नर. असे असले तरी स्वभावाने पाल एकटी राहणारीच आहे. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. माणसाच्या तळहातावर ती बसते ती मायेने नव्हे. येथे भय नाही आणि ऊब आहे, एवढेच तिने अनुभवाने जाणलेले असते. हे ऐकून कोणाला वाईट वाटेल. परंतु बलवानाच्या हातावर दुर्बलाने निर्भयपणे बसावे, ही गोष्ट का लहान आहे? प्रेम मागता येत नाही, तशी निर्भयताही बळाने देता येत नाही. ती रोजच्या वागणुकीतून थोडी थोडी साठते आणि एका धसमुसळ्या क्षणात नाहीशी होते.

पाळणाऱ्याने स्वतःची काळजीही घेतली पाहिजे. पाली दिसावयास निरोगी असल्या तरी त्यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे माणसाला जुलाब आणि ताप येतो. म्हणून पालीला किंवा तिच्या पेटीतील वस्तूंना हात लावल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. तिची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती तिला देऊ नये. शिवाय ही जबाबदारी वर्ष-दोन वर्षांची नव्हे. नीट निगा राखली तर बिबट्या पाल १५ ते २० वर्षे जगते. दहा वर्षांच्या मुलाने हौसेने आणलेली पाल तो शिक्षण संपवून नोकरीला लागेपर्यंत त्याच्यावर अवलंबून राहते. ज्याला इतका लांबचा विचार करता येत नाही, त्याने ती हौस न करणे हेच बरे.

सर्वच लहान पाली आणि सरडे हाताळण्याजोगे असतात असेही नाही. ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा दिवसा हिंडणारा आणि बराच सोशीक असतो. भ्याला तर गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून काळी करतो. न्यू कॅलेडोनिया बेटावरील तुरेवाली पाल जगातून नाहीशी झाली असे शास्त्रज्ञ मानत होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. आज ती अनेक घरांत सुखाने राहते. परंतु तिची शेपूट एकदा तुटली की पुन्हा कधीच येत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातील हिरवा ॲनोल मात्र हाताच्या स्पर्शाने खचून जातो. शॅमेलियन सरड्यांचेही तसेच. अशा प्राण्यांवर खरी माया असेल तर ती दुरून पाहण्यातच दाखवावी लागते. कोणाला जवळ घ्यावे आणि कोणाला दुरून पाहावे, याचा विवेकही प्राणिप्रेमात मोडतो.

या बिबट्या पालीचे सख्खे भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातही आहेत. पश्चिम भारतातील खडकाळ टेकड्यांवर तिची एक जात राहते. मध्य प्रदेश व महाराष्ट्राच्या सीमेवर पसरलेल्या सातपुडा पर्वतातील जात तर अगदी अलीकडे, २०१४ मध्ये, स्वतंत्र म्हणून ओळखली गेली. रात्री दगडाखालून बाहेर येऊन किडे खाणारा हा निरुपद्रवी प्राणी अनेक ठिकाणी विषारी समजून ठेचला जातो. वास्तविक तिच्या अंगी विषाचा थेंबही नाही. घरातल्या भिंतीवरील पालीचीही तीच गोष्ट. उलट डास, पतंग, झुरळाची पिल्ले खाऊन ती आपल्यावर उपकारच करते. रानातील प्राणी धरून घरी कोंडणे मात्र सर्वथा अनुचित होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील वन्य प्राण्यांना संरक्षण दिले असून घोरपडीसारख्या प्राण्याला पकडणे वा मारणे हा गंभीर गुन्हा ठरवला आहे. परदेशातील घरांत पैदास झालेली पाल पाळणे वेगळे आणि सातपुड्यातील दगड उलथून तिथली पाल पिशवीत घालणे वेगळे.

मग आपल्याकडच्या मुलाने पालीशी मैत्री कशी करावी? त्यासाठी पेटी नको, की चिमटा नको. सायंकाळी दिवा लागला की त्याच्याजवळच्या भिंतीवर एक पाल नेमाने येते. ती कोणत्या वेळी येते, कोणत्या फटीतून येते, भक्ष्यावर झेप घेण्यापूर्वी किती वेळ निश्चल राहते, दुसरी पाल जवळ आली म्हणजे काय करते, तिची शेपूट मूळची आहे की नव्याने फुटलेली आहे, हे एका वहीत महिनाभर टिपून ठेवावे. केरसुणी घेऊन तिच्यामागे धावणारे हात घरात असतील तर त्यांना विनयाने थांबवावे. काही दिवसांनी ती पाल माणसाची चाहूल लागताच पळून न जाता आपल्या जागी स्वस्थ राहू लागेल. परदेशातील मुलाच्या तळहातावर बसलेल्या पालीने जे शिकले तेच आपल्या भिंतीवरील पालही शिकलेली असेल, की हा प्राणी मोठा आहे, पण याच्यापासून भय नाही. ज्याच्याविषयी लहान जीवांना असे वाटते, तो मनुष्य खरोखर मोठा होय.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बिबट्या पाल मूळची कोणत्या प्रदेशांतील आहे?
(आ) तिला काचेवर का चढता येत नाही?
(इ) पालीच्या पेटीतील एक कोपरा ओलसर का ठेवतात?
(ई) सातपुड्यातील बिबट्या पालीची जात स्वतंत्र म्हणून केव्हा ओळखली गेली?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नवीन आणलेल्या पालीला पहिले काही दिवस हात का लावू नये?
(आ) शेपटीच्या हालचालींवरून पालीचे मनोगत कसे ओळखता येते?
(इ) शेपूट तुटल्याने पालीचे कोणते नुकसान होते? 'कोठार' हा शब्द येथे कोणत्या अर्थाने योजला आहे?

३. कारणे सांगा.
(अ) पालीला वरून पकडू नये.
(आ) 'ही परीक्षा पालीची नसून तिला पाळणाऱ्याची असते.'
(इ) पाल पाळण्यापूर्वी लांबचा विचार करावा लागतो.

४. पुढील वाक्प्रचारांचे व म्हणीचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
कपाळाला आठी पडणे, मनात पाल चुकचुकणे, दडी मारणे, गुजराण करणे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत.

५. पुढील शब्दांच्या विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा.
निश्चल, निर्भय, दुर्बल, उतावळेपणा, टंचाई.

६. 'प्रेम मागता येत नाही, तशी निर्भयताही बळाने देता येत नाही.' या वाक्याचा भावार्थ स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

७. उपक्रम : घरातील किंवा शाळेतील भिंतीवरील एखाद्या पालीचे पंधरा दिवस दुरून निरीक्षण करा, रोजची नोंद ठेवा आणि ती नोंद वर्गात वाचून दाखवा.